पाणी उतरल्यावर वर येते ती जमीन रिकामी नाही

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
मा. कार्यकारी अभियंता, पाटबंधारे,
मा. उपवनसंरक्षक,
आणि आमच्या धरणाच्या काठावरील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य

विषय: धरणाच्या बुडीत क्षेत्रातील बेटांवरून मार्च ते मे या काळात गाळ उचलण्याची परवानगी आणि त्याच बेटांवर नौकाविहार व तंबूंचा प्रस्ताव

साहेब, मॅडम आणि गावकरी मंडळी,

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर एक सूचना लागली. पाणी उतरल्यावर उघडे पडणारे बुडीत क्षेत्र गाळ उचलण्यासाठी मोकळे करण्यात येत आहे, शेतकऱ्यांनी स्वखर्चाने गाळ न्यावा, मुदत मार्च ते मे अखेर. तिच्याच खाली दुसरा कागद होता. उन्हाळी सुटीत पर्यटकांसाठी नौकाविहार आणि मधल्या बेटावर तंबू, इच्छुकांनी अर्ज करावेत. दोन्ही कागदांना नकाशा एकच जोडला आहे. त्या नकाशात ज्या बेटांवर गाळाची आणि तंबूंची खूण आहे, त्याच बेटांवर याच दिवसांत नदी सुरय, छोटी आर्ली, कंठेरी चिखल्या आणि मोठा करवानक हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात.

मला हा निर्णय मान्य नाही. रीतसर अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर आले नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. धरणाचे आणि गावाचे नाव अर्जावर आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण जमिनीवरच्या घरट्यांचा पत्ता जगाला सांगायचा नसतो. तापीच्या एका उपनदीवरचा हा मध्यम प्रकल्प आहे, एवढे वाचणाऱ्यांना पुरे. खान्देशात अशी धरणे बरीच आहेत आणि मी लिहिते आहे ते त्यांतल्या बहुतेकांना लागू पडेल.

माझे माहेर या पाण्याखाली आहे. धरण झाले तेव्हा मी लहान होते. मळा गेला, विहीर गेली, घर गेले. माणसे नव्या गावठाणात आली. जुन्या गावाची पांढरी, म्हणजे घरांची जागा, मात्र उंचावर होती. पावसाळ्यात ती बुडते आणि फाल्गुन लागला की हळूहळू वर येते. आधी मारुतीच्या देवळाचे जोते दिसते, मग घरांच्या भिंतींचे दगड, मग चहूबाजूंनी वाळू आणि रेती. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आमच्या गावच्या लेकी आखाजीला काठावर येऊन त्या पांढरीकडे बोट दाखवतात आणि पोरांना सांगतात, ते बघा, तिथे आपले घर होते. तुमच्या नकाशातले मधले बेट ते हेच.

सासर जवळच आहे. घरी कापूस, थोडी केळी आणि उन्हाळ्यात गाळपेरीचे, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळात लावलेले, टरबूज असते. म्हणजे मी गाळाच्या विरोधात असण्याचे काही कारण नाही. आमच्या वरच्या हलक्या रानात धरणाचा गाळ टाकला तेव्हा ओल धरून राहिली आणि कापसाला एक पाणी कमी लागले. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली, तिचा फायदा आमच्या घराने घेतला आहे. गाळ निघालाच पाहिजे, पाणी साठायला जागा झालीच पाहिजे. कुठला गाळ, केव्हा आणि कसा, इतकाच माझा वाद आहे.

पक्षी बघायला मला काठावरच्या भोईवाड्याने शिकवले. दुर्बीण नंतर आली. पहिल्यांदा होडीतून बेटाजवळ गेले तेव्हा जाळे ओढणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी हात धरून थांबवले होते. “माय, तठे नको जाऊ, अंडा शेतस.” म्हणजे तिथे अंडी आहेत. मला समोर नुसती वाळू दिसत होती. त्यांनी बोट केले तिथे बराच वेळ बघत राहिल्यावर वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची तीन अंडी दिसली. घरटे असे काही नाही, वाळूत केलेला उथळ खळगा. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्या पाहणी अहवालात ‘स्थळपाहणी केली असता घरटी आढळून आली नाहीत’ असे वाक्य आहे. दुपारी, गाडीतून उतरून, बेटावर चालत फिरले तर ती आढळणारच नाहीत. पायाखाली येतील फक्त.

आता वसंतात इथे काय असते ते थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळा गैरसमज इथेच आहे.

सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांतही धरणावरचे पक्षी म्हणजे हिवाळ्यातले पाहुणे. थंडी पडली की बदके येतात, जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फोटो छापून येतात आणि होळी आली की पक्ष्यांचा हंगाम संपला असे सगळे धरून चालतात. ही गणना १९८७ पासून होते आहे, तिचे मोल मोठे आहे. पण ती जानेवारीची आहे. तिच्या आकड्यांवरून मार्च-एप्रिलचा निर्णय घेता येत नाही. वर्षातला सर्वांत नाजूक काळ नेमका तेव्हाच असतो, आणि तोही दोन वेगवेगळ्या कारणांनी.

एक कारण म्हणजे जाणारे पक्षी. पट्टकादंब फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात आणि हिमालय ओलांडून लडाख, तिबेट, मंगोलियाकडे जातात. तलवार बदके, थापटे, चक्रवाक त्याच सुमारास पातळ होत जातात. भुवई बदके मात्र उशिरापर्यंत असतात. परतीच्या वाटेवर दक्षिणेकडून आलेले त्यांचे थवे मार्चमध्ये आमच्याकडे उतरतात. नराच्या डोळ्यावरची पांढरी भुवई तेव्हा लांबून ओळखू येते. पाणटिवळे हिवाळाभर मळकट करडे असतात, त्यांच्या मानेवर विटकरी रंग चढू लागतो. पिवळे धोबी खरोखर पिवळे होतात. छोटा टिलवा तर मुठीत मावेल एवढा, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, आणि त्याची वीण होते उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. तिथवर उडायचे तर अंगात चरबी हवी. ती येते उतरत्या पाण्याच्या काठच्या ओल्या चिखलातून, त्यातल्या अळ्यांमधून आणि किड्यांमधून. पाणी एक वीत मागे सरकले की तेवढा नवा चिखल उघडा पडतो, आणि टिलवे, तुतवार, चिखले त्याच्या मागे मागे सरकतात. पाऊण तास एका जागी बसले की हे डोळ्यांसमोर घडताना दिसते. काठाला पळस फुललेला असतो, त्यावर भोरड्यांचे थवे मध पीत असतात. एप्रिलमध्ये त्याही मध्य आशियाकडे निघतात.

भारत मध्य आशियाई उड्डाणमार्गावर आहे. हा मार्ग तीस देशांवरून जातो. त्यासाठी केंद्र सरकारने २०१८ ते २०२३ असा राष्ट्रीय कृती आराखडा केला, आणि २०२० मध्ये स्थलांतरित प्रजातींची जागतिक परिषद गांधीनगरला, म्हणजे आपल्या शेजारच्या राज्यात भरली. असा मार्ग टिकतो तो वाटेवरच्या लहान-मोठ्या थांब्यांवर. आमचे धरण त्यातला एक थांबा आहे आणि त्याची खरी गरज पक्षी निघण्याच्या वेळी असते.

दुसरे कारण म्हणजे राहणारे पक्षी. ते कुठे जात नाहीत. उलट याच दिवसांत इथे संसार मांडतात. नदी सुरय जोडीने बेटावर उतरू लागते ती फेब्रुवारीच्या शेवटी. नर चोचीत मासा धरून येतो आणि मादीला भरवतो, मग खळगा होतो, मग दोन-तीन अंडी. छोट्या आर्ल्या तर वसाहतच करतात. कंठेरी चिखल्या रेतीत, करवानक दगडांच्या आडोशाला, टिटवी कुठेही. जिथे पाणी चारही बाजूंनी आहे आणि कुत्रे, कोल्हे, गुरे पोचत नाहीत तीच जागा यांना चालते. हे सगळे साधते उन्हाळ्यातल्या बेटावरच.

खान्देशातले एप्रिलचे ऊन तुम्हाला मी सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर असतो आणि वाळूवर अनवाणी पाय टेकत नाही. असल्या उन्हात सुरय अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. मधूनच उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन ओल्या पोटाने अंडी गार करते. तेवढ्या वेळात जोडीदार जागेवर येतो. दुपारी कोणी बेटावर उतरले की सगळ्या जोड्या एकदम उडतात आणि डोक्यावर कलकलाट करत फिरत राहतात. येणाऱ्याला तो देखावा वाटतो, तो मोबाइल वर करतो. खाली अंडी उन्हात उघडी पडलेली असतात. अर्धा तास तंबू ठोकायला लागला तर तेवढ्यात त्या दिवसाची घरटी संपू शकतात, एकाही अंड्यावर पाय न पडता.

नदी सुरय हा काही इथे-तिथे सगळीकडे सापडणारा पक्षी राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो आता ‘असुरक्षित’ गटात आहे. कारणेही तीच: नदीतल्या वाळूचा उपसा, धरणांमुळे बदललेले पाणी, बेटांवर माणसांचा आणि कुत्र्यांचा वावर. आमच्याकडे ही तिन्ही एकाच नकाशावर आली आहेत.

आता तक्रारी एकेक सांगते.

कामाचा काळ चुकीचा आहे. गाळ कोरड्या दिवसांतच निघतो हे मला मान्य आहे, पावसात डंपर रुतेल. पण बुडीत क्षेत्र मोठे आहे. गावाकडचा उतार जानेवारीतच उघडा पडतो, तिथे गाळाचा थर जाड आहे, रस्ता जवळ आहे आणि घरटी नाहीत. तिथून सुरुवात न करता पोकलेन थेट मधल्या बेटापर्यंत नेण्यासाठी भराव टाकून वाट केली जाते आहे. का? काठचा गाळ चिकण आहे आणि बेटाच्या कडेला रेती आहे, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळते. शेतात टाकायला रेती कोणी नेत नाही. योजनेच्या नावाखाली वाळू जाणार असेल तर ती योजनेच्या नियमांतही बसत नाही, आणि हे महसूल खात्याने आधी तपासायला हवे होते. मी कोणावर नाव घेऊन आरोप करत नाही. ट्रॉलीत काय भरले जाते ते काठावर उभे राहून बघा, एवढेच म्हणते.

भराव टाकून केलेली ही वाट सर्वांत घातक आहे. बेटाला काठ जोडला की ते बेट राहत नाही. पोकलेन संध्याकाळी परत जाईल, पण वाट तशीच राहील आणि रात्री तिच्यावरून कुत्री जातील. एका रात्रीत वसाहत रिकामी होते. मागे एका वर्षी पाणी फार उतरले, काठ आपोआप जोडला गेला आणि सकाळी वाळूवर पावलांचे ठसे आणि टरफले तेवढी होती. तेव्हा ते निसर्गाने झाले. या वेळी ते सरकारी खर्चाने होणार आहे.

नौकाविहाराला माझा सरसकट विरोध नाही. गावातल्या पोरांना चार पैसे मिळत असतील तर ते हवेच आहेत. पण इंजिनाची होडी बेटाला वळसा घालून फिरवायची, बेटावर तंबू, रात्री दिवे आणि गाणी, हे मार्च ते मे या काळात चालणार नाही. होडी धरणाच्या भिंतीच्या बाजूला फिरवा. तिथे पाणी खोल आहे आणि वाराही लागतो. सकाळी काठावरून दुर्बिणीतून पक्षी दाखवायचे ठरवले तर त्यालाही माणसे येतील. नाशिकजवळ नांदूर मधमेश्वरला येतातच. तिथे गावातलीच पोरे वाट दाखवायला असतात.

पाण्याच्या आवर्तनाचे, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याचे, वेळापत्रक आम्हाला आधी कळत नाही. शेतकरी म्हणूनही कळत नाही आणि पक्ष्यांसाठी विचारणारी म्हणून तर मुळीच नाही. धरणाच्या खाली नदीपात्रातल्या वाळूवरही घरटी असतात. एप्रिलमध्ये अचानक नदीत पाणी सोडले की ती वाहून जातात. पाणी सोडू नका असे मी कशी म्हणेन, खालच्या गावांना ते प्यायला लागते. तारीख आठवडाभर आधी जाहीर करा आणि पहिल्या दिवशी पाणी थोडे थोडे वाढवत न्या. तेवढ्याने पिल्लांना निदान वर सरकायला वेळ मिळतो.

तुटक्या नायलॉन जाळ्यांचे ढीग काठाला पडून असतात. पाणी उतरले की ते चिखलात पसरतात आणि शेकाटे, वारकरी हे पाणपक्षी त्यात पाय अडकून मरतात. हे काम कोणत्याही खात्याच्या यादीत नाही. मच्छीमार संस्थेला सांगितले तर संस्था म्हणते जाळी बाहेरच्यांची, पंचायत म्हणते जागा पाटबंधाऱ्याची.

यापुढे ते उत्तर, जे मला तोंडी देण्यात आले: हे पाटबंधाऱ्याचे धरण आहे, कायद्याने ती पाणथळ जागा नाही.

हे खरे आहे की २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांमधून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. पण त्यावरून तिथले पक्षी कायद्याबाहेर जात नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे हेही येते. जागा कोणत्या खात्याची, याने त्यात फरक पडत नाही. आणि धरणावर संरक्षण देता येत नाही म्हणाल तर नांदूर मधमेश्वर म्हणजे काय आहे? गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बांधलेला बंधारा. तोच २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. पैठणचे जायकवाडी अभयारण्य हे धरणाच्या जलाशयावरच आहे. लांब कशाला, आपल्या शिरपूर तालुक्यातल्या अभयारण्याच्या नावातच अनेर धरण आहे. माणसाने बांधलेल्या पाण्यावर पक्षी आले, गाळ साठला, पाणवनस्पती वाढल्या, तिथे पाणथळ तयार झाले आणि सरकारने ते मान्य केले. मग आमच्याकडे अडचण काय आहे?

अभयारण्याचे नाव काढले की गाव घाबरते, आणि घाबरण्याला कारण आहे. आम्ही एकदा धरणासाठी उठलेली माणसे आहोत, दुसऱ्यांदा पक्ष्यांसाठी उठणार नाही. मलाही ते नको आहे. त्याच वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आहे. ती सरकारी मालकीच्या जमिनीसाठी आहे, स्थानिक लोकांशी चर्चा करूनच जाहीर करावी लागते आणि तिच्या समितीत क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. जळगाव जिल्ह्यात मुक्ताई-भवानी हे असे संवर्धन राखीव क्षेत्र आहेच. आमचे बुडीत क्षेत्र सरकारी मालकीचे आहे. मग निदान बेटे आणि त्यांच्याभोवतीचे पाणी यांचा प्रस्ताव करायला वन खात्याला कोणी अडवले आहे?

नोंदींचे महत्त्व काय, असेही विचारले गेले. त्यावर एक जुनी गोष्ट सांगते. १८८२ मध्ये जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. सरकारी काम करता करता त्याने ती केली होती. त्याच काळात त्याने इथून रानपिंगळा या लहान घुबडाचे नमुने गोळा केले. पुढे तो पक्षी शंभरहून जास्त वर्षे कोणाला दिसला नाही, नामशेष झाला असेच सगळे समजत होते. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढत शहाद्याजवळ आले आणि रानपिंगळा तिथे होता. एका अधिकाऱ्याने केलेली नोंद इतक्या वर्षांनी कामाला आली. आज तुमच्या हाताखाली जास्त माणसे आहेत, गाड्या आहेत, फोन आहेत. मार्च-एप्रिलमध्ये काठावर उभे राहून एक मोजणी तुम्हाला अशक्य नाही.

दोन शब्द पक्षीनिरीक्षकांनाही, कारण हे पत्र तेही वाचतील. बेटावर उतरून काढलेला पिल्लाचा फोटो कितीही सुंदर असला तरी तो काढू नका. वसाहतीवर ड्रोन नेऊ नका. पक्ष्यांना वरून येणारी वस्तू म्हणजे घारच. घरट्याची जागा सामाजिक माध्यमांवर टाकू नका. आपण काठावर थांबलो नाही तर तंबूवाल्यांना थांबा म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. १५ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात मधले बेट आणि त्याच्या शेजारची दोन लहान बेटे यांवर गाळ, रेती, मुरूम काहीही उचलू नये. काठाचा गाळ जानेवारीपासून, गावाकडच्या उतारावरून द्यावा.

२. भराव टाकून केलेली वाट ताबडतोब काढून टाकावी. इतकेच नव्हे, पोकलेन आलेच आहे तर बेट आणि काठ यांच्यामधल्या उथळ पट्ट्यातला गाळ आधी काढावा. तिथे खोल चर झाला तर पाणी कितीही उतरले तरी बेट तुटलेले राहील, कुत्री पोचणार नाहीत आणि तो सगळा चांगला गाळ शेतकऱ्यांना मिळेल. हे काम घरटी बसण्याआधी, जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत व्हावे. या वर्षी ती वेळ गेली असेल तर यंदा फक्त वाट उखडावी, चर पुढच्या वर्षी करावा. या एका कामाने तुमची योजना आणि आमचे पक्षी दोन्ही सांभाळले जातात. मागण्यांमधली ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

३. बेटावर तंबूंचा प्रस्ताव रद्द करावा. होड्यांना भिंतीकडची बाजू नेमून द्यावी आणि बेटाभोवती बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, लावून हद्द दाखवावी.

४. गाळपेरीचे पट्टे चालू ठेवावेत, पण बेटांवर पट्टा देऊ नये आणि ओल्या काठाला निदान एक पट्टी नांगर न घालता सोडावी. मी स्वतः गाळपेर करते, माझ्या पट्ट्यापासून सुरुवात करा.

५. आवर्तनाच्या तारखा आठवडाभर आधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात.

६. होळी ते आखाजी या काळात भोईवाड्यातल्या चार-पाच तरुणांना राखणीचे काम मजुरीवर द्यावे. कुठे अंडी आहेत हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळते. तुटकी जाळी गोळा करण्याचे कामही त्यांनाच द्या, नुसते सांगू नका, पैसे द्या.

७. मार्च आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी एक अधिकृत पक्षीगणना काठावरून व्हावी आणि ती पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहिली जावी. आमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावर आहे, तिची बैठक बोलवावी.

८. बेटे आणि भोवतालचे पाणी संवर्धन राखीव क्षेत्र करण्याबाबत काठावरच्या सर्व गावांच्या ग्रामसभा घ्याव्यात. गावे नाही म्हणाली तर तेही लिहून घ्या, पण विचारा.

सरपंच आणि सदस्यांना वेगळे सांगते. सूचना तुमच्या फलकावर लागली आणि ग्रामसभेत एक शब्द बोलला गेला नाही. बेटावरून गाळ नेण्यासाठी ज्यांनी नावे दिली आहेत ते माझे भाऊबंद आहेत, त्यांच्या शेताला गाळ मिळालाच पाहिजे, आणि तो काठावर भरपूर आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मी येईन, भोईवाड्यातली माणसे येतील. तुम्ही विचाराल त्याचे उत्तर देऊ.

या पत्राचे लेखी उत्तर पुढच्या ग्रामसभेच्या आधी द्यावे अशी विनंती आहे. स्थळपाहणी पुन्हा करायची असेल तर मला किंवा मच्छीमार संस्थेला आदल्या दिवशी कळवा. सकाळी साडेसहाच्या आत काठावर पोचा, सोबत दुर्बीण आणा, नसेल तर माझी आहे. बेटावर उतरायचे नाही, काठावरूनच बघायचे. ऊन चढायच्या आत आपल्याला परत फिरायचे आहे.

आपली,
बुडीत गावची एक लेक,
गाळपेर करणारी शेतकरी